ओतीव पोलाद निवतांना

तापलेली वस्तु निवतांना आकुंचन पावते, हा नियम आपण शाळेंतच शिकतों. म्हणूनच पोलादी ओतकामाचा साचा ज्या लांकडी नमुन्यावरून घडवितात, तो फुटामागें सुमारें पाव इंच मोठा ठेवतात. परंतु निवतांना मध्येंच एकदां पोलाद या नियमाविरुद्ध वागतें.

सन १८६९ मध्यें जॉर्ज गोर या इंग्रज शास्त्रज्ञास असें दिसलें कीं, तापून लाल झालेली लोखंडी तार निवतांना आंखडतां आंखडतां क्षणभर लांबते. सन १८७३ मध्यें बॅरेट यांनीं त्याच सुमारास काळवंडूं लागलेली तार पुन्हां उजळतांना पाहिली. याचा उलगडा पुढें झाला. अतितप्त पोलादांत लोहाचे परमाणु घनाच्या आठ कोपऱ्यांवर व सहा पृष्ठांच्या मध्यभागीं असतात. सावकाश निवतांना सुमारें ७२७ अंश सेंटिग्रेडपर्यंत ही दाट रचना मोडते आणि कोपऱ्यांवर आठ व पोटांत एक अशी किंचित् विरळ रचना होते. त्यामुळें आकारमान वाढतें व दडलेली उष्णता बाहेर पडते. पोलाद एकदम निवविलें तर आंतील कर्बास बाहेर पडण्यास अवकाश मिळत नाहीं. तो तेथेंच कोंडला जाऊन अतिशय कठीण पण ठिसूळ असें ‘मार्टेन्साइट’ तयार होतें. लोहार हत्याराला पाणी देतो, तें हा कठीणपणा आणण्यासाठींच.

आतां ओतीव वस्तूकडे वळूं. तिचे सर्व भाग सारखे जाड नसतात. पातळ भाग आधीं निवून घट्ट होतो. जाड भाग मागाहून आंखडूं पाहतो, पण शेजारी त्यास आंखडूं देत नाहीं. परिणामीं जाड भागांत ताण व पातळ भागांत दाब कायमचा राहतो. वस्तु लांबट असल्यास ती जाड बाजूकडे आंत वळून वांकडी होते. जाड वस्तु तापवून पाण्यांत बुडविल्यास संकट वेगळें: बाहेरची कातडी आधीं कठीण होते, आणि मागाहून गाभा रूपांतर पावून फुगतो. ती कठीण कातडी ताणली जाते, प्रसंगीं तडकते.

असा ताण डोळ्यांस दिसत नाहीं. वस्तु बाहेरून निर्दोष दिसते. पण आंतील ताणांत वापराच्या ओझ्याचा ताण मिळाला कीं अवचित भेग पडते. तो भाग आगगाडीचा किंवा पुलाचा असेल, तर त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

म्हणून कुशल कारागीर भागांची जाडी शक्य तितकी सारखी ठेवतात, कोपरे गोलसर करतात आणि साचा घाईनें फोडीत नाहींत. पुढें वस्तु सुमारें ६०० अंशांपर्यंत तापवून कांहीं तास तशीच ठेवतात व भट्टींतच हळूहळू निववितात. त्या उष्णतेंत पोलाद किंचित् मऊ होऊन ताण बव्हंशीं निघून जातो.

विद्यार्थिमित्रहो, ओतकामाची भट्टी पाहण्याचा योग आला, तर तेजस्वी रसाकडे अवश्य पहा. पण वाळूंत मुकाट्यानें निवत पडलेल्या साच्याकडेहि पहा. पोलादाचें बळ पुष्कळसें तेथेंच ठरत असतें.