विदेशात लेकीकडे जाताना: आधी नंबर, मग बॅग

आपल्या सावनेर तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक नवी बातमी ऐकू येते. कुणाच्या लेकीचं बाळंतपण अमेरिकेत, कुणाचा मुलगा दुबईत, आणि आई चार-सहा महिन्यांसाठी तिकडे निघालेली. पापड, लोणचं, बाळाची दुपटी भरायला सगळं घर धावतं. पण तिकडे पोचल्यावर अडतं ते मोबाइलवर. म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

अडतं कशामुळे? आपलं बँक खातं, आधार, योजनांचं ई-केवायसी, सगळं मोबाइल नंबरला बांधलेलं आहे. काहीही करायचं तर त्या नंबरवर ओटीपी येतो. म्हणजे नंबर ही कपाटाची किल्ली झाली. आम्ही गटांत विचारतो, "ताई, आधारला कोणता नंबर जोडलाय?" उत्तर येतं, "मुलाचा असंल," "ह्यांचा असंल," नाहीतर "जुना होता, तो बंद पडला." गावात हे निभून जातं. अमेरिकेत आपला दिवस असतो तेव्हा इथे रात्र असते. मुलगा झोपेतून उठून ओटीपी सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

म्हणून पहिलं काम, निघण्याच्या महिना-दोन महिने आधी स्वतःच्या नावावरचं सिम घ्या. आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडा आणि बँकेत अर्ज देऊन खात्याला जोडा. "सिम घरीच ठेव, ओटीपी आम्ही सांगू," असं घरचे म्हणतील. प्रेमानेच म्हणतील. पण ज्याच्या हाती सिम, त्याच्या हाती खातं. सिम आपल्याजवळच असू द्या.

दुसरं, तो नंबर जिवंत ठेवा. प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरलाच नाही आणि त्यात पैसेही नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. त्यामुळे रिचार्जची जबाबदारी घरच्या एकाला तारखेसह लिहून द्या. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. तिकडे मेसेज आला तर पैसे लागतात का आणि कॉल उचलला तर किती, हेही विचारा. फोनला दोन सिमची सोय असेल तर एकात आपलं, दुसऱ्यात तिकडचं सिम घाला. इंटरनेट तिकडच्या सिमवर चालवा आणि आपल्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. नाहीतर शिल्लक बघता बघता संपते.

तिसरं, एटीएम कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 16 मार्च 2020 पासून दिलेलं नवीन कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानांत चालतं. विदेशासाठी ते आपण सांगून सुरू करून घ्यावं लागतं. आपलं कार्ड मुळात बाहेर चालतं का, हेही बँकेत विचारा.

चौथं, विमानतळ. तिथलं फुकटचं वायफाय बऱ्याचदा मोबाइल नंबर मागतं आणि ओटीपी पाठवतं. रोमिंग नसेल तर ओटीपी येत नाही, म्हणून वायफाय नाही, म्हणून व्हॉट्सॲपही नाही. फोनची बॅटरी संपली तर लेकीचा पत्ताही फोनातच अडकतो. यावर उपाय साधा आहे. एका कागदावर इंग्रजीत लेकीचा पत्ता, फोन नंबर आणि विमानाचा नंबर लिहून घ्या. सोबत तिकीट, व्हिसा आणि पासपोर्टची झेरॉक्स ठेवा. हे सगळं हातातल्या पर्समध्येच असू द्या. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच ठेवायची असते, मोठ्या बॅगेत चालत नाही. आणखी एक, दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, पण कॉल लागत नाही. फोन आला नाही म्हणून घरच्यांनी घाबरू नये.

पाचवं, वीज. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120. मोबाइलच्या चार्जरवर 100-240 लिहिलं असेल तर तो चालतो, फक्त पिन बदलायला अडॅप्टर लागतो. आपला मिक्सर मात्र तिकडे नीट चालणार नाही. त्याचं वजन वाहून नेऊ नका, त्या जागेत चटणी न्या!

शेवटचं गटाबद्दल. अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष सहा महिने जाणार असेल आणि बँकेत तिची सही लागत असेल, तर सगळ्या गटाचे पैसे अडतात. कुणाचं बियाणं, कुणाच्या मुलाची फी त्यावर असते. जाण्याआधी बैठकीत ठराव घ्या आणि बँकेत सही बदलून घ्या. कोऱ्या स्लिपवर सह्या करून जाऊ नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने आपल्या आधारला आणि खात्याला कोणता नंबर आहे ते शोधून आणायचं. तो दुसऱ्याचा निघाला तर बदलायची तारीख तिथेच ठरवायची. विदेशात एखादीच जाईल, पण बँकेत तर आपल्या सगळ्यांनाच जावं लागतं.