वजन जास्त, तरी ‘ड’ कमी

अंगाने भरलेलं मूल पोषणानेही भरलेलं असेलच असं नाही. लठ्ठ मुलांत नेहमी आढळते ती ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. चरबी जास्त असली की ते तिच्यात विखुरतं आणि रक्तात त्याचं प्रमाण कमी भरतं. म्हणून इतरांइतकाच डोस घेऊनही या मुलांची पातळी कमी वाढते. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये अशा मुलांसाठी नेहमीच्या दोन ते तीन पट मात्रा सुचवली होती.

लोहाचं दुखणं वेगळं. वाढलेल्या चरबीमुळे शरीरात मंद दाह राहतो, यकृतात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्यांतून लोह कमी शोषलं जातं. त्यात बिस्किटं, वेफर्स, गोड पेयं! उष्मांक भरपूर, जीवनसत्त्वं जवळपास नाहीतच.

मूल सारखं दमतं, पाय दुखतात म्हणतं, तर कृपा करून त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. गरजेपेक्षा फार जास्त ‘ड’ रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं.