इडालोपिर्डिन : एका आशेची परीक्षा

स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या ज्येष्ठाची शुश्रूषा ज्या घरात चालू असते, तेथे ‘नवे औषध निघाले’ ही वार्ता फार लवकर पोहोचते. आशा धरणे स्वाभाविकच आहे. मात्र त्या वार्तेचे मोल जोखण्याची दृष्टीही कुटुंबाजवळ असावी. त्या दृष्टीने इडालोपिर्डिन या प्रायोगिक औषधाचा प्रवास उद्बोधक आहे.

अल्झायमर या विकारात स्मरणशक्तीशी निगडित असलेले अॅसिटिलकोलीन हे रसायन मेंदूत कमी होत जाते. सध्या दिले जाणारे डोनेपेझिल त्याचे विघटन मंदावते. सेरोटोनिन हे मेंदूतील आणखी एक संदेशवाहक रसायन. पेशींवरील ज्या ‘ग्राहीं’ना ते जाऊन मिळते, त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी सहावा प्रकार प्रामुख्याने मेंदूतच आढळतो. कुलपात दुसरेच काही अडकवून ठेवले की मूळ किल्ली चालत नाही. त्याप्रमाणे हा ग्राही अडवला तर अॅसिटिलकोलीनसारखी रसायने अधिक स्रवतील आणि डोनेपेझिलला जोड मिळेल, असा संशोधकांचा तर्क होता. प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याला बळ दिले.

डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने इडालोपिर्डिन याच तत्त्वावर विकसित केले. मध्यम तीव्रतेचा आजार असलेल्या २७८ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना डोनेपेझिल चालूच होते; काहींना जोडीला इडालोपिर्डिन, तर इतरांना तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली गेली. बौद्धिक क्षमतेच्या ७० गुणांच्या मापनात नव्या औषधाच्या गटाची स्थिती सुमारे २ गुणांनी सरस ठरली. आशा पल्लवित झाली. परंतु स्नान, कपडे, जेवण अशा दैनंदिन व्यवहारांत निर्णायक फरक दिसला नव्हता, आणि काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतील घटकही वाढले होते.

पुढे २,५२५ रुग्णांचा समावेश असलेल्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१८ च्या आरंभी प्रसिद्ध झाले : निरौषध गोळीच्या तुलनेत बौद्धिक क्षमतेत लाभ सिद्ध झाला नाही. मोठ्या चाचण्यांत दैनिक मात्रा आधीपेक्षा कमी होती, हे खरे. पण लहान चाचणीतील यश मोठ्या संख्येत टिकत नाही, हाही वैद्यकशास्त्राचा जुना अनुभव आहे. याच ग्राहीला रोखणारे इंटेपिर्डिन २०१७ मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. हैदराबादच्या सुवेन कंपनीचे मासुपिर्डिनही २०१९ मध्ये बौद्धिक क्षमतेचे मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही. मात्र त्या चाचणीच्या नोंदींत रुग्णांचा प्रक्षोभ कमी झाल्याची चिन्हे आढळल्याने, त्या दिशेने त्याचा स्वतंत्र अभ्यास हाती घेण्यात आला. चिडचिड आणि अस्वस्थता सांभाळताना शुश्रूषा करणाऱ्यांची किती दमछाक होते हे लक्षात घेता, हा प्रश्न गौण नव्हे.

यापुढे अशी बातमी वाचनात आली, तर काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रयोग माणसांवर झाला की प्राण्यांवर? रुग्ण किती होते? तुलना निरौषध गोळीशी होती का? लाभ केवळ गुणांत दिसला, की रोजच्या जगण्यातही? दुष्परिणाम कोणते आढळले?

आपल्या रुग्णाला एखाद्या चाचणीत सहभागी करून घेण्याचे सुचवले गेले, तर तिची भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद आहे का, हे पाहावे. संमतिपत्र आपल्या भाषेत मागून घ्यावे, घरी आणून सावकाश वाचावे. सहभाग ऐच्छिक असतो आणि तो केव्हाही थांबवता येतो. नव्या औषधाच्या भरवशावर चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

तोवर ठरावीक दिनक्रम, पुरेशी झोप, झेपेल तेवढे चालणे, ऐकू येण्याच्या व दिसण्याच्या अडचणींवर उपचार आणि परिचित माणसांचा सहवास, ही काळजी आजही आपल्या हाती आहे. आणि शुश्रूषा करणाऱ्यानेही आठवड्यातून काही तास दुसऱ्यावर जबाबदारी सोपवून विश्रांती घ्यावी. रुग्णाच्या हिताचाच तो एक भाग आहे.