आवाज सुधारला, हे कोणी ठरवायचं?

स्पाझमोडिक डिस्फोनिया या विकारात स्वरतंतूंवर गाठ नसते की सूज नसते. मेंदूकडून येणाऱ्या सूचनांमध्येच बिघाड होतो आणि बोलता बोलता स्वरतंतू एकमेकांवर आवळले जातात. शब्द मध्येच तुटतो, गळा दाबल्यासारखा बाहेर पडतो. गंमत म्हणजे हाच माणूस पुष्कळदा मोकळेपणी हसतो, गुणगुणतो. त्यामुळे घरच्यांना हे मनाचे खेळ वाटतात. डॉक्टरांनाही कित्येक दशकं तसंच वाटत होतं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या हर्बर्ट डेडो यांनी स्वरयंत्राची एका बाजूची नस कापण्याची शस्त्रक्रिया मांडली, पण पुढे अनेकांचा त्रास परतला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्र्यू ब्लिट्झर यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं आणि आज हाच मुख्य उपचार आहे. सुई गळ्यावर पुढून घालतात. पहिला आठवडा-पंधरवडा आवाज फुसका, हवा निसटल्यासारखा येतो, पाणी पिताना ठसका लागतो. मग चांगले दिवस येतात. साधारण तीन-चार महिन्यांत औषधाचा असर ओसरला की पुन्हा इंजेक्शन.

अशा उपचाराचं यश एकदाच आवाज रेकॉर्ड करून कसं मोजणार? १९९७ मध्ये ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’ ही ३० प्रश्नांची प्रश्नावली आली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण १२०; गुण जितके जास्त तितका त्रास मोठा. फोन करणं टाळता का, गोंगाटात तुमचं बोलणं लोकांना कळतं का, आवाजापायी कमाई बुडते का, असं ती थेट विचारते. इंजेक्शननंतर हे गुण उतरतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो, कारण आवाज माणसाला लागतो तो चारचौघांत वावरण्यासाठी.

यावर आक्षेप असा, की रुग्णाच्या उत्तरात त्याची आशा आणि मनःस्थिती मिसळलेली असते. असते खरी. पण तोच आवाज ऐकून दोन तज्ज्ञही वेगवेगळे गुण देतात, आणि यंत्रावरचे आकडे सुधारले म्हणून माणूस फोन उचलू लागतोच असं नाही. थोडासा खरखरीत आवाज हिशेबनीसाला चालून जातो; शिक्षिकेची मात्र नोकरी त्यावर अवलंबून असते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: ज्यानं बोलणंच कमी केलं, त्याला आवाजाचा त्रासही कमी जाणवेल आणि गुण खोटे उतरतील. म्हणून प्रश्नावली एकदा भरून भागत नाही. इंजेक्शनआधी, फुसक्या आवाजाच्या दिवसांत, चांगल्या महिन्यांत आणि असर ओसरताना, अशी चारदा ती भरून घ्यायला हवी, आणि शेजारी तज्ज्ञाची तपासणी हवीच. पुढचा डोस किती आणि कधी, हे त्यावरून ठरावं.

आवाज चार आठवडे बिघडलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. आणि उपचार चालू असतील तर कुठली कामं थांबली, कुणाशी बोलणं तुटलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.