अनोळखी टीव्ही कार्डाची ओळख

टीव्ही कॅप्चर कार्ड ॲंटेना किंवा व्हीसीआरकडून येणारे ॲनालॉग चित्र अंकीय रूपात संगणकाला देते. लिनक्सवर चालणारी मिथटीव्ही ही प्रणाली २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी सुरू केली. ठरल्या वेळी रेकॉर्डिंग करणे आणि ते घरातल्या इतर पडद्यांवर दाखवणे ही कामे ती करते. मात्र ड्रायव्हरने कार्ड ओळखले नाही, तर मिथटीव्हीलाही ते वापरता येत नाही.

असे कार्ड बहुधा पूर्णपणे अनोळखी नसते. ब्रुकट्री कंपनीची बीटी८७८ ही एकच चिप अनेक उत्पादकांनी वापरली. चित्राचे अंकीकरण चिप करते, वाहिनी निवडण्याचे काम धातूच्या डबीतला ट्यूनर करतो आणि आवाजाचा मार्ग चिपच्या काही पिना बदलतात. या पिनांची जोडणी प्रत्येक उत्पादकाने आपापल्या पद्धतीने केली. त्यामुळे लिनक्सच्या बीटीटीव्ही ड्रायव्हरला चिप कळते, पण जोडणी कळत नाही. मग चित्र दिसते आणि आवाज येत नाही, किंवा वाहिनीच लागत नाही.

कार्डावरच्या छोट्या स्मृतीत उत्पादकाचा क्रमांक असतो आणि ड्रायव्हर त्यावरून कार्ड ओळखतो. स्वस्त कार्डांत ही स्मृती अनेकदा नसते. अशा वेळी चिप आणि ट्यूनरवरची छापील अक्षरे वाचावीत. ड्रायव्हरच्या यादीत दीडशेहून अधिक कार्डे आहेत. त्यांतले सर्वांत जुळणारे निवडून त्याचा आणि ट्यूनरचा क्रमांक ड्रायव्हरला हाताने द्यावा. भारतातील पाल पद्धतीत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी असतात, अमेरिकेच्या एनटीएससीत ५२५ रेषा. पद्धत चुकली तर चित्र बिघडते.

आधी साध्या प्लेअरमध्ये चित्र आणि आवाज तपासावा. त्यानंतरच मिथटीव्हीत कार्ड, कार्यक्रमसूची आणि इनपुट यांची सांगड घालावी. बीटी८७८ चित्र संकुचित करत नाही. ७२० बाय ५७६ बिंदूंचे पाल चित्र तसेच साठवले, तर तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. म्हणून संकोचनाचा भार प्रोसेसरवर पडतो. सीएक्स२३४१६ चिपची कार्डे स्वतःच एमपेग-२ प्रवाह तयार करतात, मात्र त्यांच्या चिपमध्ये आधी फर्मवेअर भरावे लागते.

ॲनालॉग प्रसारण बहुतेक देशांत थांबले असले, तरी व्हीएचएस कॅसेटी अंकीय करण्यासाठी ही कार्डे आजही उपयोगी आहेत. चाललेले क्रमांक ड्रायव्हरच्या विकासकांना अवश्य कळवावेत. यादीत नोंद झाली की ओळख-क्रमांक असलेले तेच कार्ड पुढच्या वापरकर्त्याकडे आपोआप ओळखले जाते.