पावसाचा अंदाज: कोणाचा, किती दिवसांचा, कुठला?

जूनच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यापुढे पावसाचे चार-पाच अंदाज एकदम येऊन पडतात. हवामान विभागाने एप्रिलमध्येच टक्केवारी सांगितलेली असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात मृगाचे वाहन छापलेले असते. भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत वर्तमानपत्रांत येऊन गेलेले असते, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणा अंदाजकर्त्याचा व्हिडिओ फिरत असतो आणि मोबाइलमधले ॲप 'उद्या दुपारी तीनला सरी' असे बिनधास्त सांगत असते. यांतला विश्वासार्ह कोण, हे सरसकट सांगता येत नाही, कारण हे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाहीत. कुणी देशाबद्दल बोलतो, कुणी तालुक्याबद्दल. कुणी चार महिन्यांचे सांगतो, कुणी चार तासांचे. तेव्हा अंदाज कुणी दिला यापेक्षा तो किती पुढचा, किती मोठ्या भागाचा आणि चुकला तर चुकला असे दाखवता येईल का, हे आधी पाहावे.

किती पुढचे सांगता येते

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की वातावरणाच्या गणितात सुरुवातीच्या आकड्यांतला बारीकसा फरकही काही दिवसांत मोठा होत जातो. त्यामुळे 'अमुक तारखेला अमुक ठिकाणी' या स्वरूपाच्या अंदाजाला साधारण दोन आठवड्यांची हद्द आहे. संगणक कितीही मोठा आणला तरी ती फार सरकत नाही. गडगडाटी वळवाच्या ढगाची हद्द तर काही तासांचीच. म्हणूनच हवामान विभाग रडार पाहून पुढच्या तीन तासांचा इशारा वेगळा देतो, चार-पाच दिवसांचा वेगळा आणि चार आठवड्यांचा वेगळा. तो चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो आणि त्यात आठवड्याचा कल तेवढा असतो, तारीख नसते.

एक-दोन दिवसांचा अंदाज आज चांगल्यापैकी भरवशाचा आहे, पाचव्या दिवसाचा निम्मा-शिम्मा. मे महिन्यात बसून कुणी '17 जुलैला पाऊस' म्हणत असेल, तर तो सरकारी असो वा खासगी, त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

एप्रिलमधली टक्केवारी

मग हवामान विभाग एप्रिलमध्ये चार महिन्यांचे कसे सांगतो? तो दिवसाचे सांगत नाही, हंगामाची सरासरी सांगतो आणि ती समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. 1875 मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा कल सांगायला सुरुवात केली. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी भारताचा पाऊस आणि दूरच्या प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब यांचा संबंध शोधला. एल निनोची आजची सगळी चर्चा त्या धाग्यावर उभी आहे.

1988 पासून डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने तयार झालेले 16 घटकांचे प्रारूप वापरात आले. पुढची 14 वर्षे त्याची कीर्ती वाढत गेली. मग 2002 साल उजाडले. अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता, पाऊस पडला 81 टक्के. एकट्या जुलैत नेहमीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला आणि देशभर दुष्काळ पडला. पुढच्याच वर्षी ते प्रारूप बदलावे लागले.

या गोष्टीत लोक सहसा 2002 चे अपयश पाहतात. मला आधीची 14 वर्षे जास्त बोलकी वाटतात. 1988 ते 2001 या काळात देशपातळीवर एकदाही दुष्काळ पडला नव्हता. दरवर्षी डोळे मिटून 'यंदा दुष्काळ नाही' म्हणणाराही तेवढाच बरोबर ठरला असता. कुठल्याही अंदाजाची परीक्षा तो किती वेळा बरोबर आला यावर करून भागत नाही. काहीच अभ्यास न करता सरासरी सांगणाऱ्यापेक्षा तो किती वेळा सरस ठरला, हे पाहावे लागते. ही कसोटी सरकारी अंदाजाला लावायची, तशीच पंचांगालाही लावायची.

खासगी कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. 2015 मध्ये स्कायमेटने 102 टक्के सांगितले होते. हवामान विभागाने एप्रिलमध्ये 93 आणि जूनमध्ये 88 सांगितले, पडला 86. त्या वर्षी विभाग जिंकला. 2019 मध्ये मात्र विभागाचे 96 आणि स्कायमेटचे 93 असे दोन्ही अंदाज मागे पडले, पाऊस 110 टक्के झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशननंतर गणिती प्रारूपे सुधारली. 2024 मध्ये 106 टक्क्यांचा अंदाज होता आणि 108 टक्के पाऊस झाला.

पण आकडा बरोबर आला तरी शेतकऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. 2023 मध्ये अंदाज 96 टक्के होता, पाऊस 94 टक्के झाला. कागदावर उत्तम. त्याच वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता आणि फुलोऱ्यात आलेले सोयाबीन त्याच महिन्यात उभे होते. देशाच्या सरासरीवर पेरणीचा निर्णय घेऊ नये. ती धान्याच्या साठ्याचा विचार करणाऱ्या सरकारसाठी आणि बाजारासाठी असते.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती

विभागाच्या पत्रकातले शब्द मोघम वाटतात, पण त्यांना ठरलेली मापे आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'मुसळधार' म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त, 115.6 पासून पुढे अतिमुसळधार आणि 204.5 च्या पुढे अत्यंत मुसळधार. तेव्हा 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असा इशारा असताना तुमच्या गावात थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही. चारातल्या तीन गावांत तो पाऊस नसणारच होता. हे लोकांना नीट समजावून सांगितले जात नाही, ही विभागाची जुनी खोड.

शिवाय महाराष्ट्राचा भूगोलही अंदाज करणाऱ्याला साथ देत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आले की तो हजारच्याही खाली. पूर्ण सातारा जिल्ह्याला एकच नारिंगी रंग दिला तर माण-खटावच्या माणसाला तो थट्टा वाटतो. आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो, ही चांगली सुधारणा आहे. मुंबईत तर 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच 24 तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. तेव्हा मुंबईत डॉपलर रडार नव्हते, आता आहे. मे 2025 मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडते, आधीचे चौकोन 12 किलोमीटरचे होते. तरीही वळवाचा एक ढग त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात मावतो.

चक्रीवादळ

इथे वाद घालायला फारशी जागा नाही. 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला, कारण वादळाचा मार्ग आधी सांगता आला आणि लाखो लोक वेळेत हलवले गेले. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हाही इशारे आधीच मिळाले होते. पंचांग किंवा पक्षी यांच्याकडे याला काही पर्याय नाही.

नक्षत्रे आणि त्यांची वाहने

नक्षत्र आणि वाहन या दोन गोष्टी लोक एकात मिसळतात, त्या वेगळ्या आहेत. सूर्याचा मृग नक्षत्रातला प्रवेश दरवर्षी 7-8 जूनच्या सुमारास होतो, मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे साधारण 13-14 दिवसांचे टप्पे करत हस्तापर्यंत आले की परतीचा गडगडाटी पाऊस सुरू होतो. शेकडो वर्षांच्या अनुभवाने घडलेली ही सरासरीची दिनदर्शिका आहे आणि तेवढ्यापुरती ती पक्की आहे. यंदा काय होईल, हे तिच्यात नसते.

वाहनाचे तसे नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी राहील त्यावरून हत्ती, बेडूक, म्हैस, कोल्हा, गाढव ठरवायचे. हत्ती, बेडूक, म्हैस आले तर भरपूर पाऊस. या हिशेबात हवा, समुद्र, वारा कुठेच येत नाहीत. आणि मृगाचे वाहन गाढव निघाले, तर ते रत्नागिरीलाही गाढव आणि जतलाही गाढव. ज्या राज्यात तीस किलोमीटरवर पाऊस पाचपट बदलतो, तिथे हा हिशेब कसा जुळावा?

भेंडवळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार 18 धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, पापड-पुरी. रात्रीतून काय हलले, काय भिजले ते पाहून पहाटे पीकपाणी, पाऊस आणि थेट राजकारणाचेही भाकीत होते. सोहळा म्हणून तो बघण्यासारखा आहे, हंगामाच्या तोंडावर पंचक्रोशीतले शेतकरी त्यानिमित्ताने एकत्र येतात. अंदाज म्हणून मात्र त्याची अडचण भाषेत आहे. 'जून साधारण, जुलैत कमी-जास्त, ऑगस्टमध्ये चांगला' हे भाकीत कुठल्या ना कुठल्या तालुक्यात खरे होतेच. किती मिलिमीटर पडला म्हणजे भाकीत चुकले, हे कुणी आधी सांगून ठेवत नाही.

टिटवी, कावळा, बहावा

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, कावळ्याने झाडाच्या भक्कम जागी घरटे केले तर वादळी, बहावा फुलल्यापासून ठरावीक दिवसांनी पाऊस, अशा खुणा गावोगाव सांगितल्या जातात. या साऱ्या एका तागडीत तोलू नयेत. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, पाण्याजवळ चतुर खाली उडू लागले, दमट उकाडा वाढला, यांचा संबंध हवेतला ओलावा आणि दाब यांच्याशी असू शकतो, म्हणून काही तासांपुरता त्यांचा उपयोग होत असावा. पण एप्रिलमधल्या घरट्यावरून सप्टेंबरचे भाकीत ही उडी फार मोठी. पक्ष्याचे घरटे आजच्या उन्हाला, अन्नाला आणि शत्रूला धरून असते.

ॲप आणि व्हिडिओ

मोबाइलमधली बहुतेक ॲप अमेरिकी किंवा युरोपीय केंद्राच्या जागतिक प्रारूपाचा आकडा उचलून दाखवतात. तुमच्या गावाचे नाव वर दिसते म्हणून तिथे कुणी मोजमाप केले असे नाही. पावसाची शक्यता 40 टक्के असेल तर छत्री घ्यायची, पण तेवढ्यावर फवारणी रद्द करायची की नाही, हे औषधाच्या किमतीवर ठरवावे.

व्हिडिओवाल्यांची लोकप्रियता समजून घेण्यासारखी आहे. ते तालुक्याचे नाव घेतात, 'उघडीप', 'वाफसा', 'झड' असे बोलतात आणि तारीख देतात. सरकारी पत्रकात 'मध्य महाराष्ट्र' लिहिलेले असते. 2017 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती, तिच्यामागे अंदाज चुकल्याचा राग होता. तरी गेल्या वर्षी कुणाचे किती चुकले, हे व्हिडिओखाली लिहिलेले नसते. बरोबर आलेल्या क्लिप पुन्हा फिरतात, चुकलेल्या पुसल्या जातात.

पेरणीपुरते

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. या सल्ल्याला भविष्याची गरजच नाही, पडलेला पाऊस मोजला की झाले. 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे बसवली आहेत, पण एका मंडळात दहा-वीस गावे येतात. बांधावर स्वतःचे पर्जन्यमापक असले तर उत्तम. पेरणीनंतरच्या खंडासाठी गुरुवारचा चार आठवड्यांचा कल बघावा, फवारणी आणि काढणीसाठी तीन दिवसांचा अंदाज, विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप.

राहुरी, परभणी, अकोला, दापोली येथील कृषी विद्यापीठांतून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला निघतो. तो तालुक्यापर्यंत नेण्यासाठी देशात 199 जिल्हा कृषी-हवामान केंद्रे उघडली होती. अंदाज आणि शेत यांच्यामधली नेमकी तीच कडी 2024 मध्ये बंद केली गेली, आणि व्हिडिओवाल्यांना मोकळे रान मिळाले.