भय आणि अभय

लहानपणी आमच्या घरामागे एक पिंपळ होता आणि त्यावर मुंजा राहतो, अशी साऱ्या आळीची खात्री होती. दिवेलागणीनंतर विहिरीवर जाण्याची पाळी आली की माझे पाय जड होत. आजी ओसरीवरून विचारी, "काऊन भेतं रे? तिथं कोन हाय?" मी मनाशी म्हणे, कोणी तरी आहे म्हणूनच तर भीती वाटते! आजीचा तो प्रश्न किती मुळाला हात घालणारा होता, हे पुढे बृहदारण्यक उपनिषद वाचनात आले तेव्हा कळले.

त्या उपनिषदात सृष्टीच्या आरंभीची एक कथा आहे. प्रारंभी केवळ एक पुरुष होता. त्याने आजूबाजूला पाहिले, आपल्यावाचून कोणी दिसेना, आणि त्याला भय वाटले. एकटा मनुष्य भितो तो म्हणूनच, असे ऋषी जाता जाता सांगतो. मग त्या पुरुषाने विचार केला : माझ्याहून दुसरे असे काही नाहीच, तर मी भितो कोणाला? हा विचार होताच त्याचे भय गेले. कारण भय नेहमी दुसऱ्यापासून उत्पन्न होते.

या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या पुरुषाचे भय घालविण्यासाठी कोणी रक्षक आला नाही, त्याला शस्त्र मिळाले नाही, आणि धीर धर असेही कोणी त्याला म्हटले नाही. परिस्थिती होती तशीच राहिली, केवळ तो प्रश्न विचारता झाला. आपण सामान्यतः भयावर दोन उपाय करतो. एक, ताईत-गंडे, नवस, अंगारा. दुसरा, छाती काढून चालणे. पहिल्या उपायात रक्षण करणारा दुसरा कोणी तरी शोधावा लागतो आणि मग तो रागावेल की काय, हे नवे भय पदरात पडते. दुसऱ्या उपायात भय जागच्या जागी राहते, आपण फक्त त्याच्याकडे पाठ करून उभे राहतो. वेदान्ताचा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. तो म्हणतो, ज्याला भितोस तो 'दुसरा' कोण आहे, हे आधी नीट पाहा.

दोरीवरील सापाचा दृष्टान्त यासाठीच आलेला आहे. तो इतका घासला गेला आहे की ऐकताना कंटाळा येतो. पण त्यातील एक बारकावा बहुधा सुटतो. मिट्ट काळोखात कोणाला दोरीवर साप दिसत नाही, कारण तेथे दोरीच दिसत नाही. लख्ख उजेडातही दिसत नाही. साप दिसतो तो संधिप्रकाशात, म्हणजे काहीसे दिसते आणि काहीसे दिसत नाही तेव्हा. उरलेला भाग मग मन आपल्याजवळच्या आठवणींनी भरून काढते. भय हे निव्वळ अज्ञानाचे अपत्य नव्हे, ते अर्ध्या ज्ञानाचे अपत्य आहे. म्हणून त्याचा उपाय दूर पळणे हा असूच शकत नाही. दुरून पाहिल्याने दोरी अधिकच सर्पाकार दिसू लागते! कंदील घेऊन जवळ जावे लागते.

येथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, हे सर्व आम्हांस पाठ आहे, तरीही भय जात नाही. हे खरे आहे आणि शास्त्रकारांनाही ते ठाऊक होते. पतंजलींनी पाच क्लेशांत अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची वृत्ती, शेवटी सांगितला आणि तो विद्वानांतही तसाच असतो असे स्पष्ट म्हटले. तैत्तिरीय उपनिषद तर याहून कठोर आहे. तत्त्वात जो लेशमात्र अंतर ठेवतो त्याला भय आहेच, असे सांगून ते पुढे म्हणते की मनन न करणाऱ्या विद्वानाला ते ब्रह्मच भय होऊन बसते.

पढिकाच्या या भयाचा दाखला शोधावयास आपल्याला फार दूर जावयाचे कारण नाही. 1927 च्या नोव्हेंबरात अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्माचा अभ्यास करून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीच्या बाजूने उभे होते. सर्वांच्या ठायी एकच आत्मा, हे सूत्र घोकणाऱ्यांची या प्रांतात वाण नव्हती. तरी माणसाच्या सावलीला भिणारेही पुष्कळ होते, आणि पुष्कळदा ती एकच माणसे होती. अस्पृश्यतेला आपण रूढी म्हणतो, अन्याय म्हणतो, आणि ती तशी आहेच. पण वेदान्ताच्या भाषेत बोलावयाचे तर ती दुसऱ्याचे भय होय, आणि ते भय सोवळ्याचे रूप घेऊन आल्यामुळे ते भय आहे हेच भिणाऱ्याला कळत नसे.

आता ज्याने हे भय ओळखले आणि त्याच्याशी झुंज घेतली अशा एका गृहस्थाची हकीकत सांगतो. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपते. पलीकडे वरोरा आहे. तेथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे तरुण वकील होते, पुढे सर्व जग त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागले. आगगाडीत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना त्यांनी एकट्याने अडविले, हे कानी येताच गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले. असा हा अभयसाधक पुढे एका पावसाळी रात्री वाटेने जात असता चिंध्यांच्या ढिगासारखे काही तरी त्यांना दिसले. तो ढीग हलला. तो तुळशीराम नावाचा महारोगी होता. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा तेथून पळाले.

शिपायांपुढे न डगमगणारा मनुष्य एका मरणोन्मुख, असहाय माणसापुढून पळाला. हे कसे झाले? शिपाई दोन हात करण्याजोगा शत्रू होता. त्याच्यापुढे स्वतःचे शौर्य टिकून राहते, किंबहुना वाढते. तुळशीरामापुढे मात्र 'मी असा होईन' ही प्रतिमा उभी राहिली. म्हणजे शौर्य आणि अभय या दोन निराळ्या वस्तू आहेत. शौर्याला समोर दुसरा लागतो. अभयात तो दुसराच उरत नाही.

पळून गेल्यावर बाबांना चैन पडले नाही. ते परत गेले, तुळशीरामाला आडोसा करून दिला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. मनातले काहूर पुढे कित्येक महिने शमले नाही. अखेर ज्या वस्तूला भ्यालो तीच आयुष्याचे कार्य करावयाची, असा त्यांनी निश्चय केला. कलकत्त्यास जाऊन त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले. तेथे प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात रोगाचे जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि तिच्यातूनच आनंदवन उभे राहिले.

वरोऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्याही आधी, 1946 साली, आपल्या अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी जगदंबा कुष्ठनिवास स्थापन केला होता. त्यालाच आपण तपोवन म्हणतो. दाजीसाहेबांचे नाव घेताना अमरावतीकरांनी थोडे अधिक उत्साहाने घ्यावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्यांना घरच्यांनी घराबाहेर काढले त्यांना त्यांनी निवारा दिला आणि हाताला उद्योग दिला. नावही कसे ठेवले पाहा! तपोवन म्हणजे जेथे कोणी कोणाला भीत नाही, हरिण आणि वाघ एका पाणवठ्यावर येतात, अशी जागा.

या रोगाच्या भयाची कथा दोरीच्या सापाशी किती जुळते तेही पाहण्यासारखे आहे. त्याचा जंतू हान्सेनने 1873 सालीच दाखविला. पण तो कितपत लागतो, हे लोकांना नीट कळावयास फार काळ गेला. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते, आणि 1981 पासून चालू झालेल्या बहुविध औषधोपचाराने तो पुरता बरा होतो. तरीसुद्धा जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यात 2019 पर्यंत टिकून होते. कंदील पेटल्यानंतरही साप साप म्हणून ओरडत राहण्याचा हा प्रकार.

येथपर्यंत ठीक. पण सर्वच भये दोरीच्या सापाची नसतात, आणि हे न सांगता व्याख्यान संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पावसाने दगा दिलेला, पऱ्हाटी करपलेली, आणि कर्ज डोक्यावर असलेला शेतकरी भितो तेव्हा त्याला 'जग मिथ्या आहे' असे सांगणे म्हणजे वेदान्ताची थट्टा आहे. त्याच्यापुढे खरा साप आहे. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत या भयाने माणसे गेली आहेत. अशा ठिकाणी तत्त्वज्ञानाने काय करावे?

यासाठी अभय या शब्दाचा दुसरा अर्थ पाहावा लागतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना आहे, तीत पहिले नाव अभयाचे. आपण समजतो, न भिणे म्हणजे अभय. पण संन्यास घेताना माणूस जी प्रतिज्ञा करतो ती 'मी कोणाला भिणार नाही' अशी नसते. माझ्यापासून सर्व भूतांना अभय असो, अशी असते. अभय हे दान आहे. ज्याच्याकडे पाहून कोणाच्या पोटात गोळा येतो, तो स्वतः कितीही निर्भय असला तरी त्याला अभय साधले असे म्हणता यावयाचे नाही. कर्जदाराच्या भयावरचा उपाय एकट्या कर्जदाराजवळ नसतो. तो सावकाराजवळ, पेढीजवळ, शेजाऱ्याजवळ आणि गावाजवळही असतो.

गाडगेबाबांच्या चरित्रात याचे उत्तर जितके स्वच्छ मिळते तितके मला कोणत्याही भाष्यात मिळालेले नाही. त्यांचा जन्म 1876 सालचा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. पण बाळपण गेले दापुऱ्यास, आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, मामाच्या घरी. चरित्रकार सांगतात की निरक्षर मामाला कागदपत्रांत गुंतवून सावकाराने त्याची जमीन गिळली आणि त्या धक्क्याने मामा गेला. पुढे सावकार शेताचा ताबा घ्यावयास आला तेव्हा सारे गाव चिडीचूप असताना डेबूजी शेतातून हलला नाही. सावकाराला परत जावे लागले.

हे शौर्य झाले. बाबांचे अभय त्यानंतर सुरू होते. तो प्रसंग त्यांनी सूडाचे भांडवल केला नाही. घर सोडून, अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन ते गावोगाव फिरले, आणि मामाला ज्याने मारले त्या अज्ञानाचाच त्यांनी पिच्छा पुरविला. कीर्तनात ते उपदेश थोडा करीत, प्रश्न फार विचारीत. कर्ज काढून सण कशाला? देवापुढे बकरे कापता, ते देवाला हवे असते काय? पोराला शाळेत का घालीत नाही? श्रोते हसत, उत्तर देत, आणि उत्तर देता देता त्यांच्या ध्यानात येई की ज्या देवाच्या कोपाला आणि भाऊबंदांच्या निंदेला आपण भीत होतो ते भय आपणच पोसलेले आहे. स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू आणि मटण न देता गोड जेवण घालून त्यांनी बिरादरीचा रोष आधीच पत्करलेला होता, म्हणून त्यांच्या प्रश्नाला धार होती.

पुढे मलाही धीर करून त्या विहिरीवर जावे लागलेच. पिंपळाखाली कोणी तरी खरोखरीच बसले होते. जवळ गेलो तेव्हा कळले की गावाबाहेर काढलेला एक रोगी मनुष्य पाणी घालणाऱ्याची वाट पाहत होता. विहिरीला त्याने हात लावलेला कोणाला चालत नसे. मी पोहरा ओढला आणि त्याच्या गाडग्यात पाणी ओतले. त्याने ते घाईघाईने घेतले, आणि काळोखात दूर जाऊन मग प्यायला. तो मला भीत होता.